भुंड्या हातांचा भादवा

पोळा उलटला की आमच्या गल्लीतले आवाज बदलतात. सासरी गेलेल्या लेकींना घेऊन त्यांचे भाऊ येतात, दारासमोर स्कूटरी थांबतात, पिशव्या उतरतात, आणि दुपारपर्यंत घराघरातून ठेठरी-खुरमी तळल्याचा वास यायला लागतो. हा तिजेचा मोसम. आम्ही मराठी लोक त्या दिवसाला हरतालिका म्हणतो, छत्तीसगढी शेजारणी तिजा म्हणतात. उपास तोच, नवऱ्याच्या आयुष्याचं मागणं तेच. रायपुरात इतक्या पिढ्या काढल्यावर आमच्या घरातही आदल्या दिवशी कारल्याची भाजी आणि भात होतो. त्याला इथे करू भात म्हणतात. आई तो आपल्या घरी खाते, मग शेजारी जाऊन पुन्हा खाते, आणि कडू तोंडाने हसत परत येते.

माझ्या कानांत मात्र या मोसमाचा आवाज वेगळा आहे. काचेवर काच घासल्याचा, आणि त्यात मिसळलेला सुमनकाकूचा. "हात ढिला सोड वं. माह्या हाती दिला ना? मंग आता तो तुहा नाई."

यंदाही लेकी आल्या, तळण झालं. सुमनकाकूने ओसरी झाडली, चटई अंथरली, रंगांप्रमाणे बांगड्यांच्या माळा खिळ्यांना अडकवल्या. समोरून बायका जातात. तिला तब्येत विचारतात, पावसाबद्दल बोलतात, आणि गोल बाजाराच्या दिशेने निघून जातात. बोलताना त्यांची मनगटं पदराखाली असतात. चटईवर कोणी बसत नाही.

साथ संपली असं सगळे म्हणतात. दुकानं उघडली, शाळा उघडल्या, लग्नं पुन्हा दणक्यात व्हायला लागली. पण मला या चटईकडे पाहिलं की वाटतं, काहीतरी अजून बंदच आहे, आणि ते कोणी बंद केलं हे सांगायला कोणी तयार नाही.

*

सुमनकाकू आमच्या नात्यातली नाही. कासारांचं घर. भोसल्यांच्या राज्यात नागपूरकडून जी मराठी घरं इकडे आली आणि पुरानी बस्तीत देवळांच्या आसपास राहिली, त्यांतलं एक. त्यांचं दुकान असं कधी नव्हतंच. गल्लीत उघडणारी एक ओसरी, तिला एक खिडकी, आणि सासूकडून सुनेकडे येणारी एक जागा. सासू थकली की सून त्या जागेवर बसायची.

बांगड्या विकणं वेगळं आणि भरणं वेगळं. विकायला पैसे आणि वस्तू पुरतात. भरायला दोन बायकांना गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागतं. काकू हात हातात घेई, आधी नुसता दाबे. बोटांच्या मुळाशी, अंगठ्याखाली, तळव्याच्या मांसल भागात. हाडं जवळ आणी. मग बांगडी बोटांवरून सरकवत अंगठ्याच्या गाठीपाशी नेई आणि तिथे थांबून काहीतरी विचारी. सासू कशी आहे? यंदा माहेरी किती दिवस? उत्तर द्यायला बाई तोंड उघडायची तेवढ्यात बांगडी मनगटात गेलेली असायची. ती प्रश्न विचारते ते उत्तरासाठी नाही हे सगळ्यांना माहीत होतं, तरी सगळ्या उत्तर देत. गल्लीतल्या कितीतरी गोष्टी त्या गाठीपाशी बाहेर पडल्या.

सगळ्या बांगड्या भरून झाल्या की ती एक आशीर्वादाची वर घाली. बाई वाकून नमस्कार करी. मग काकू दोन्ही तळवे तिच्या चेहऱ्यावरून फिरवी आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडी. अलाबला. इडापीडा माझ्यावर येऊ दे, असं काहीसं पुटपुटे. बोटं किती जोरात मोडली यावरून बायका एकमेकींना चिडवत. माझ्यासाठी ती कधीच जोरात मोडली नाहीत. "तुले काय दृष्ट लागते," काकू म्हणायची, "तूच लोकायले लागतं."

या कामात एक अट होती, आणि ती कुठे लिहिलेली नव्हती. सवाष्णीचा हात सवाष्णीनेच भरायचा. गल्लीत काकूकडे बायका येत, त्या काकूच्या स्वतःच्या मनगटांकडे पाहून. तिच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा असे, आणि ती काम करायला लागली की तोही वाजे. नवरा गेला की कासारणीने ओसरीवरून उठायचं. काकूची सासू तशीच उठली होती. काकूला हे सून म्हणून पहिल्याच वर्षी सांगितलेलं होतं.

आणि तिचा नवरा, दत्तूकाका, शहराबाहेर उरला म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथल्या रोलिंग मिलमध्ये होता. तापलेल्या लोखंडासमोर उभं राहून त्याची छाती आधीच पोखरलेली. चार पायऱ्या चढला की भिंतीला हात लावून थांबायचा, आणि आम्ही पाहतोय असं दिसलं की भिंतीचा रंग तपासत असल्यासारखं करायचा.

*

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा रेल्वेच्या कचेरीत होते आणि संध्याकाळी कामगारांसाठी पत्रकं लिहीत. मराठीत विचार करून हिंदीत लिहीत, म्हणून त्यांची वाक्यं जरा ताठ असत. माझी अक्षरओळख 'साथियो' या शब्दावर झाली. जेवणाच्या ताटाखाली पत्रक, शेजारी पाठवायच्या खुरमीला पत्रक, पावसात गळणाऱ्या कौलाखालच्या बादलीच्या तळाशी पत्रक. त्यामुळे जगात चूक काय आणि बरोबर काय हे मला फार लवकर कळलं, आणि अजूनही मी त्यावर फारशी मागे हटत नाही.

त्या वर्षी, साथीच्या पहिल्या उन्हाळ्यात, गच्ची पांढरी राहिली. रायपूरच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. उरल्याच्या भट्ट्यांची काळी पूड एरवी रोज सकाळी गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर बसलेली असते. बोट फिरवलं की रेघ उमटते. टाळेबंदीत ती थांबली. आई पांढरी चादर वाळत घालायची आणि संध्याकाळी ती पांढरीच काढायची. तिला त्याची भीती वाटे. "इतकी स्वच्छ चादर मेलेल्यावरच असते," ती एकदा म्हणाली.

मग एका सकाळी गच्ची पुन्हा काळी होती. कोणी जाहीर केलं नाही, दवंडी नाही. पूड आली म्हणजे मिल सुरू झाली. त्याच आठवड्यात दत्तूकाका तोंडाला गमछा बांधून मिलच्या टेम्पोत चढताना दिसला. त्या टेम्पोत माणसं किती दाटून बसत हे मला माहीत आहे. एकाचा घाम दुसऱ्याच्या सदऱ्यावर उमटे.

सलून, पार्लर आणि असली कामं मात्र शेवटी उघडायची होती. शरीराला हात लावावा लागतो, जवळ बसावं लागतं, म्हणून. ते बरोबरच होतं, मी त्याच्या विरोधात नव्हते. पण मला राग यायचा तो वेगळ्या गोष्टीचा. टेम्पोत एकमेकांवर रेललेल्या पुरुषांना कोणी जवळचा संपर्क म्हटलं नाही. ते उत्पादन होतं. एका बाईने दुसऱ्या बाईचा हात धरला की तो संपर्क होता. पुढे आदेश निघाले, पार्लरांसाठी अटी ठरल्या. ॲप्रन, हातमोजे, आधी वेळ घेऊन येणं. कासारणीचा उल्लेख कशातच नव्हता. तिला बंद करा असंही कोणी म्हटलेलं नव्हतं आणि उघडा असंही नाही. ठरवायचं तिने एकटीने.

श्रावणात फुटपाथवर बांगड्या विकणाऱ्या काही बाया बाबांकडे आल्या. आमच्यासाठी एक पत्रक लिहा, तिजेला आम्हाला बसू द्या. बाबांनी काम माझ्यावर सोपवलं. मी लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. उघडण्याचा हक्क मागायचा, की बंद राहूनही जगता येईल असं काही मागायचं? ज्याच्या घरात दोन महिन्यांचं धान्य आहे त्याने बंद ठेवलं तर ती जबाबदारी. ज्याच्या घरात नाही त्याने बंद ठेवलं तर उपास. मला दोन्ही लिहायचं होतं. बाबा म्हणाले, एका पत्रकात एकच मागणी मावते, दोन घातल्या की वाचणारा तिसरीच समजतो. आमचं त्यावर जोरात भांडण झालं. दरम्यान शहर पुन्हा बंद झालं, पुन्हा उघडलं, आणि बाया पुन्हा आल्या नाहीत. त्या आपापल्या मनाने बसल्या.

सुमनकाकूला मी विचारलं होतं, तू काय करणार. ती माळा पुसत होती. विकायच्या नव्हत्या तरी रोज पुसायची.

"नाई बसत," ती म्हणाली. "ह्या माणसाच्या छातीत जागाच किती उरली आहे? एखाद्या हातावरून आलं अन् याले लागलं, तं मी नवऱ्यालेही मुकली अन् हातायलेही."

मी म्हटलं, काका तर रोज टेम्पोत जातात. तिथून नाही का येणार?

"तिथून आलं तं मिलचं. माह्या हातून आलं तं माहं."

दत्तूकाका आतून ओरडला की दोघीजणी मिळून मला आजच पोहोचवून राहिल्या का, चहा तरी होऊ द्या. काकू हसली. मीही हसले. ओसरीच्या कोपऱ्यात त्याचा गमछा वाळत होता, आणि त्यावर ती काळी पूड बसलेली होती.

*

त्या भादव्याची हवा मला अंगावर आठवते. पाऊस पडून गेलेला आणि वारा नाही. बूढा तलावावरून कुजलेल्या वेलींचा वास यायचा आणि गल्लीत अडकून राहायचा. लेकी आल्या, पण हळूच. दाराआड थांबून आधी सॅनिटायझर, मग मिठी नाही, मग थोडं रडणं. गाणी नाहीत. आणि सगळ्यांचे हात भुंडे. मला त्याआधी कळलं नव्हतं की गल्लीच्या आवाजात काच किती असते. बाया भांडी घासत होत्या, धुणं आपटत होत्या, आणि मागून काही वाजत नव्हतं. प्रेताला आंघोळ घालून ठेवलेल्या घरासारखी शांतता.

काकूने एक युक्ती केली. खिडकीच्या गजांतून दोरी सोडली आणि तिला मापामापाच्या बांगड्या टांगल्या. ज्यांना हव्या त्यांनी काढून न्याव्यात, घरी आपल्या हाताने भराव्यात. बाया नेत होत्या. मग संध्याकाळी घराघरातून काच फुटल्याचा आवाज येई, कारण कोणाला स्वतःचा हात दाबता येत नव्हता. बांगडी फुटली असं आपल्यात म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. त्या आठवड्यात बायकांनी फारच वाढवल्या. अन् प्रत्येक आवाजाला काकू खिडकीतून गल्लीकडे बघे, जणू कोणी तिला हाक मारली.

तिजेच्या आदल्या दुपारी समोरच्या घरातली पिंकी आली. लग्नानंतरची पहिली तिजा. काकूने तिला लहानपणापासून बांगड्या भरल्या होत्या. पिंकीचं घर मराठी, पण पिंकी हिंदीतच बोलते. ती ओसरीच्या पायरीवर उभी राहिली, तोंडाला मास्क, हात पुढे. स्वतः भरायला गेली होती, आणि अंगठ्यापाशी कापलं होतं. पहिल्याच तिजेला काच फुटली म्हणून सासूचा फोन येऊन गेला होता.

"काकी, बस एक बार," ती म्हणाली. "फिर कभी नहीं बोलूँगी।"

काकूने नाही म्हटलं. पिंकी पायरीवरून हलली नाही. मी खिडकीपाशी होते. काकूने माझ्याकडे पाहिलं, मग त्या कापलेल्या अंगठ्याकडे. मग ती उठली.

सगळं नीट केलं. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, दोघींचेही. खिडकी सताड उघडली. काकूने नाकावर फडकं बांधलं, पिंकीला मान बाजूला वळवून बसायला सांगितलं. प्रश्न विचारायचे नाहीत असं ठरलं, म्हणून गाठीपाशी काकूने प्रश्न विचारला नाही, नुसती पिंकीच्या अंगठ्यावर फुंकर घालायला गेली आणि फडकं आडवं आलं. दोघी हसल्या. बांगड्या गेल्या. एकही फुटली नाही. काकूचा चुडा वाजत होता, आणि मला आठवतं, समोरच्या, बाजूच्या, पलीकडच्या दारांत बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. नुसत्या ऐकायला.

पिंकीने नमस्कार केला. आणि काकूचे हात उठले. इतक्या वर्षांत ते जसे उठत होते तसेच. पिंकीच्या चेहऱ्यावरून फिरले, मास्क गळ्यात घसरला, आणि काकूने तेच हात आपल्या कानशिलांना लावून कडाकड बोटं मोडली.

मग ती तशीच थांबली. बोटं कानशिलांवर. दारांतल्या बाया थांबल्या. कोणीतरी हसलं, आणि ते हसणं लगेच बंद झालं. काकू उठून मोरीत गेली आणि हात धूत राहिली. नळ किती वेळ चालू होता ते मला माहीत नाही. पिंकी पायरीवर उभी राहून नळाचा आवाज ऐकत होती, मग गेली.

*

पुढचं सगळ्या शहराला माहीत आहे. त्या भादव्यानंतर जे झालं ते झालं. आमच्या गल्लीतही ॲम्ब्युलन्सचा आवाज आला. तो आला की दारं लागत, आणि मग मोजके लोक फटीतून बघत.

दत्तूकाकाला ताप आला. काकूलाही आला. आधी कोणाला, यावर गल्लीत कधी एकमत झालं नाही. काकू सांगायची की एकाच दिवशी. काकूचा उतरला. काकाला नेलं. जाताना त्याने भिंतीला हात लावला, आणि यावेळी रंग तपासत असल्याचं सोंग केलं नाही. परत आणलाच नाही. तिकडेच, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, ज्यांची ओळख नव्हती अशा माणसांनी सगळं उरकलं. मिलमधली आणखी दोन-तीन माणसं त्याच टेम्पोतली होती, त्यांनाही झालं होतं. पण हे मला नंतर, मिलमधल्या माणसांकडून कळलं. गल्लीने ते विचारलं नाही. गल्लीला उत्तर आधीच मिळालं होतं. सगळ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

पिंकीला काही झालं नाही. तिची तपासणीही कोणी केली नाही. म्हणजे काय होतं आणि काय नव्हतं हे कोणालाच सांगता येणार नाही. मी हे ज्याला त्याला सांगत फिरले. लोक मान हलवत. मग म्हणत, तरी पण.

घराबाहेर विलगीकरणाचा कागद चिकटवलेला असताना काकूचा चुडा उतरवायला कोण येणार? ते काम इतर बायांनी करायचं असतं. दगडावर हात ठेवून फोडायचं असतं. कोणी आलं नाही. काकूने तो स्वतः काढला. साबण लावला, आपलाच हात आपण दाबला, आणि एकेक बांगडी गाठीवरून परत सरकवली. कोपरापर्यंतचा चुडा, आणि एकही फुटली नाही. मग त्या धुतल्या, पुसल्या, दोरीत ओवल्या आणि आतल्या खोलीतल्या खिळ्याला लावल्या.

हेही गल्लीने लक्षात ठेवलं. फोडल्यासुद्धा नाहीत म्हणे. अख्ख्या उतरवल्या.

*

तेव्हापासून साथ ओसरत गेली आणि एकेक काम सुरू झालं. पार्लरच्या पाट्या पुन्हा लागल्या. न्हाव्याने नवीन खुर्ची आणली. मालिशवाली बाई बाळंतिणींकडे जायला लागली. हात पुन्हा हातांना लागले. सुमनकाकूने पहिलं वर्ष ओसरीवर पाऊल ठेवलं नाही. दुसऱ्या वर्षी माळा विकायला बसली. भरायला कोणी आलं नाही. मापं काढून देते, पिशवीत घालून देते. हळूहळू तेही कमी झालं.

बाया गोल बाजारात जातात. तिथे एक कासार भरतो. पुरुष आहे. त्याची बायको आहे की गेली, हे त्याला कोणी विचारत नाही. त्याच्या मनगटात काय आहे हे कोणी बघत नाही. विधुर असला तरी त्याच्या हातून सौभाग्य चालतं. हे मी आईला म्हटलं तेव्हा ती म्हणाली की मोठ्याने बोलू नकोस, खिडकी उघडी आहे.

यंदा पोळ्याच्या दिवशी मी काकूकडे गेले. म्हटलं, मी पत्रक काढते. या प्रथेवर. सगळ्या पाऱ्यात, अख्ख्या मोहल्ल्यात वाटते. कासार चालतो आणि कासारीण का चालत नाही, हा साधा प्रश्न. उरल्याच्या टेम्पोचंही त्यात घालते. मी बराच वेळ बोलले. काकू पुसत होती. मग तिने माळ खाली ठेवली.

"तुह्या पत्रकाले हात हाये का?" ती म्हणाली. "असन तं घिऊन ये. भरून देतो."

मी माझा हात पुढे केला. तिने तो घेतला, दाबला, आणि भरल्याही बांगड्या, लाल. पण खिडकीकडे मान करून म्हणाली, "तुहा धरत नाई कोणी. तू कुंवारी. तुह्या मागं कोण मरन?"

मी घरी येऊन सांगितलं. बाबा पेपर वाचत होते. जन्मभर या माणसाने अंधश्रद्धेवर पत्रकं लिहिली. त्या वर्षीच्या आजारातून ते उठले, पण खोकला राहिला आहे. त्या खोकल्यापायी आम्ही गल्ली सोडून तलावापलीकडे राहायला गेलो आहोत, तरी 'आमची गल्ली' म्हणतो ती तीच. पायऱ्या चढताना तेही आता थांबतात. मी वाट पाहिली की ते आईला म्हणतील, जा, हात दे. ते म्हणालेही, पण पेपरामागून. "जायला काही हरकत नाही. मला काही झालं तर बांगड्यांमुळे नाही, असं लिहून ठेवतो." मग माझ्याकडे वळून, "तू ते पत्रक म्हणून वाट."

आई कारली चिरत होती. बिया काढायची थांबली.

"तुमच्यासाठी तो मुद्दा आहे," ती म्हणाली. "मले तुमच्यासंगं राहायचं आहे."

मला तेव्हा आईचा राग आला होता, आणि अजूनही येतो, पण तिचे हात मी पाहिले. दरवर्षी यावेळेपर्यंत ती गोल बाजारातून भरून आलेली असते. यंदा तिने जुन्या उतरवल्या होत्या आणि नव्या भरल्या नव्हत्या. तिचे हात भुंडे होते. म्हणजे तीही ठरवत होती, माझ्या आधीपासून, आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

*

तिजेच्या आदल्या दुपारी आईने बाबांना स्कूटर काढायला लावली. कुठे ते सांगितलं नाही. मी माझ्या गाडीवर मागून गेले. पुरानी बस्तीच्या तोंडाशी आई उतरली नाही, म्हणाली, आत घ्या, गल्लीत घ्या. ओसरीसमोर थांबवली. बाबा स्कूटरवरच बसून राहिले.

काकू उभी राहिली. आई चटईवर बसली आणि दोन्ही हात पुढे केले. काकूने ते लगेच घेतले नाहीत. मोरीत जाऊन हात धुऊन आली. मग आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

मी पूर्वी शंभरदा ऐकलेलं ते काम आता वेगळंच ऐकू येत होतं. काकूच्या मनगटांत काही नव्हतं, त्यामुळे तिचे हात हलत होते आणि वाजत नव्हते. फक्त आईच्या हातात जाणारी काच वाजे, एकेक. समोर पिंकीच्या घराची खिडकी उघडी होती. तिथे पडद्यामागे कोणीतरी होतं.

शेवटच्या बांगडीला आईच्या अंगठ्याची गाठ अडली. काकूने सवयीने बाबांबद्दल विचारलं, "भाऊ कसे हायेत आता?"

आणि बाहेर बाबा खोकले. लांबलेला, खालून येणारा खोकला. काकूचा हात थांबला. बांगडी गाठीवर तशीच.

"काढू का?" ती म्हणाली.

"काहून काढते? भर."

बांगडी गेली. आईने वाकून नमस्कार केला. काकूचे हात उठले, अर्ध्यावर आले आणि तिथेच राहिले, पुढेही नाही, मागेही नाही. बराच वेळ. आईने डोळे मिटले आणि आपला चेहरा त्या हातांत नेऊन ठेवला. बोटं मोडल्याचा आवाज समोरच्या खिडकीपर्यंत गेला असणार, कारण तिथला पडदा सरकला आणि खिडकी लागली.

घरी परतताना मी त्यांच्या मागे होते. आईने डावा हात बाबांच्या खांद्यावर ठेवला होता आणि उजवा त्यांच्या पाठीवर, फुप्फुसाच्या जागी, पंजा पसरून. तलावाच्या काठाने जाताना बाबांना परत खोकला आला, आणि मग घरापर्यंत येत राहिला. प्रत्येक वेळी त्यांची पाठ हले आणि आईच्या हातातल्या नव्या बांगड्या वाजत.